वाचक विचारतात : इराक चौकशीचं भिजत घोंगडं

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहिलं होतं की, २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर केलेल्या हल्ल्याआधी जी गुप्तवार्ता पुढे केली गेली, तिची अमेरिकी सिनेटमधली चौकशी पाच वर्षं रखडली आणि ती आपसूक रखडली नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे. त्या वर्षांत मी पुण्याच्या एका दैनिकात देश-विदेशचं पान लावत होते. या चौकशीच्या एजन्सीच्या बातम्या माझ्याच टेबलावर यायच्या. या विषयात माझा जीव अडकलेला आहे, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : इराकमध्ये संहारक शस्त्रं नव्हती हे २००४ सालीच जगजाहीर झालं होतं. मग पुढची चार वर्षं चौकशी चालू होती ती नेमकी कशाची? उशीर झाला म्हणून असं काय बिघडलं?
– निवृत्त शिक्षक, मिरज

सर, प्रश्न दोन होते आणि ते मुद्दाम वेगळे काढले गेले. हेरखात्यांनी काय सांगितलं आणि त्यातलं काय चुकलं, हा पहिला. त्यांनी जे सांगितलं त्याचं अध्यक्ष बुश, उपाध्यक्ष चेनी, संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी लोकांपुढे काय करून मांडलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर लवकर आलं. दुसऱ्याचं पुरतं उत्तर आलं तेव्हा बुश यांच्या कारकिर्दीचे साडेसात महिने उरले होते.

तारखा नुसत्या ओळीने वाचल्या तरी पुरे. २८ जानेवारी २००४ रोजी डेव्हिड के सिनेटच्या सशस्त्र सेना समितीपुढे आले. इराकमध्ये शस्त्रं शोधणाऱ्या पथकाचं प्रमुखपद त्यांनी नुकतंच सोडलं होतं. आपण जवळजवळ सगळेच चुकलो होतो, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. आता काहीतरी करणं व्हाइट हाउसला भाग होतं. ६ फेब्रुवारीला बुश यांनी चार्ल्स रॉब आणि लॉरेन्स सिल्बरमन यांचा, गुप्तवार्तेतल्या चुका तपासणारा आयोग नेमला आणि त्याला मुदत दिली ३१ मार्च २००५ ची. अध्यक्षपदाची निवडणूक होती २ नोव्हेंबर २००४ ला. शिवाय राज्यकर्त्यांनी गुप्तवार्तेचा वापर कसा केला, हे या आयोगाच्या कार्यकक्षेतच नव्हतं. आयोगाने आपल्या अहवालात तसं लिहूनही ठेवलं आहे.

राहिली सिनेटची गुप्तवार्ता समिती. १२ फेब्रुवारी २००४ ला समितीने एकमताने चौकशीची व्याप्ती वाढवली आणि राज्यकर्त्यांची विधानंही तपासायचं ठरवलं. पण काम दोन टप्प्यांत विभागलं गेलं. पहिला टप्पा हेरखात्यांचा. त्याचा ५११ पानांचा अहवाल ९ जुलै २००४ ला आला, ११७ निष्कर्षांसह. गुप्तचर यंत्रणांच्या २००२ च्या इराकविषयक मूल्यांकनातले बहुतेक प्रमुख निष्कर्ष फुगवलेले होते किंवा त्यांना हाताशी असलेल्या माहितीचा आधार नव्हता, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. दुसरा टप्पा निवडणुकीआधी होणार नाही हेही त्याच दिवशी कळलं. म्हणजे अमेरिकी मतदार मतदानाला गेला तेव्हा त्याच्या हाती सीआयएवर ठपका ठेवणारा जाडजूड अहवाल होता, आणि ज्यांना तो मत देणार किंवा नाकारणार होता त्यांच्याबद्दल एक पानही नव्हतं. सर, बिघडलं ते हे.

दुसरा टप्पा का महत्त्वाचा होता, याचं एक उदाहरण पाहा. ऑक्टोबर २००२ मध्ये, युद्धाच्या ठरावावर मतदान व्हायच्या जेमतेम दहा दिवस आधी, गुप्तचर यंत्रणांनी इराकबद्दलचं एकत्रित मूल्यांकन काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला दिलं. एनआयई म्हणतात त्याला. ते तीनेक आठवड्यांत घाईघाईने तयार झालं होतं. गोपनीय प्रतीत मतभेद नोंदवलेले होते. इराकने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अणुइंधनाच्या सेंट्रिफ्यूजसाठी, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी आहेत हे ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांना पटलेलं नव्हतं; त्या साध्या रॉकेटच्या वाटत होत्या. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाचाही आक्षेप होता. जनतेसाठी जी छोटी आवृत्ती काढली तिच्यात मात्र हे आक्षेप नीट आले नाहीत, आणि ‘आमचा अंदाज आहे’ अशी सावध वाक्यरचना जाऊन तिथे ठाम विधानं आली. अंदाजाचं ठाम विधान झालं. पुढे भाषणांमध्ये त्याचं काय झालं, हे तपासायचं काम दुसऱ्या टप्प्याचं होतं.

प्रश्न : समितीत दोन्ही पक्षांचे सदस्य होते. मग काम अडवलं कोणी आणि कसं? चौकशी थांबवण्याचा ठराव झाला होता का?
– एक वकील, लातूर

वकीलसाहेब, असा ठराव कधीच झाला नाही. तो झाला असता तर त्यावर मतदान झालं असतं, कोणी कुठे हात वर केला ते नोंदलं गेलं असतं. त्यापेक्षा काम चालू आहे असं म्हणत राहणं सोयीचं. तुमच्या कोर्टातल्या तारखांसारखंच समजा.

समितीत रिपब्लिकनांचं बहुमत एका मताचं. अध्यक्ष कॅन्ससचे पॅट रॉबर्ट्स, उपाध्यक्ष वेस्ट व्हर्जिनियाचे जे रॉकफेलर. बैठक कधी, तीत विषय कोणता, कर्मचारी कोणत्या कामाला लावायचे, हे अध्यक्षाच्या हातात. निवडणूक झाली, बुश पुन्हा निवडून आले आणि ३१ मार्च २००५ ला रॉब–सिल्बरमन आयोगाचा अहवाल आला. त्याच दिवशी रॉबर्ट्स यांनी म्हटलं की, हीच जमीन पुन्हा नांगरणं म्हणजे वेळेचा प्रचंड अपव्यय ठरेल. ज्या आयोगाला राज्यकर्त्यांकडे बघायचीच मुभा नव्हती, त्याचा हवाला देऊन राज्यकर्त्यांची चौकशी अनावश्यक ठरवली जात होती. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

मग वाद निघाला तो कोणाकोणाची विधानं तपासायची याचा. रॉबर्ट्स यांचं म्हणणं, फक्त सरकारची का, काँग्रेस सदस्यांचीही तपासा. मागणी ऐकायला रास्त होती, पण तिने कामाचा पसारा वाढला तो वाढलाच. पेंटॅगॉनमध्ये, म्हणजे संरक्षण खात्यात, डग्लस फाइथ या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखालचं एक कार्यालय इराक आणि अल-कायदाचे धागे आपल्या परीने जुळवत होतं. त्याची तपासणी समितीने स्वतः करायची, तर तो भाग संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांकडे, म्हणजे खात्यातल्याच अंतर्गत तपासनिसांकडे गेला आणि समिती त्यांची वाट पाहत बसली. रॉबर्ट्स यांची बाजूही सांगायला हवी. तिथलं कामकाज बेकायदा असू शकतं, असं रॉकफेलर बोलून गेले आणि तेव्हापासून त्या कार्यालयातली माणसं तोंड उघडेनात, अशी त्यांची तक्रार होती. महानिरीक्षकांचा अहवाल फेब्रुवारी २००७ मध्ये आला : काम अनुचित होतं, बेकायदा नव्हतं.

या सगळ्यावर कडी म्हणजे, अहवाल लिहून झाला तरी तो छापण्याआधी गोपनीयता उठवून घ्यावी लागते. काय झाकायचं याचा पहिला शब्द ज्यांची चौकशी झाली त्याच यंत्रणांचा. तिथे महिने जातात आणि त्याबद्दल कोणालाही जाब विचारता येत नाही.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. सिनेटचे दरवाजे बंद करून बैठक घेतली होती असं वाचलं. त्याने खरंच काही घडलं का? तेव्हा मराठी वृत्तपत्रांत ही बातमी कशी आली होती?
– नाशिक

घडलं. नाहीतर दुसरा टप्पा तसाच धूळ खात पडला असता, असं माझं ठाम मत आहे.

दिवस होता १ नोव्हेंबर २००५. चार दिवस आधी उपाध्यक्ष चेनी यांचे मुख्य सहायक लुइस लिबी यांच्यावर, सीआयएच्या अधिकाऱ्याचं नाव फुटल्याच्या प्रकरणात, आरोपपत्र दाखल झालं होतं. इराकमधल्या मृत अमेरिकी सैनिकांचा आकडा आदल्याच आठवड्यात २,००० वर गेला होता. दुपारी डेमोक्रॅट नेते हॅरी रीड सभागृहात उभे राहिले आणि त्यांनी सिनेटच्या नियमावलीतल्या २१ व्या नियमाचा आधार घेतला. एका सदस्याने बंद बैठकीची मागणी करायची आणि दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, एवढंच लागतं. ना चर्चा, ना मतदान. इलिनॉयचे डिक डर्बिन यांनी अनुमोदन दिलं. प्रेक्षक सज्जातून बाहेर काढले गेले, पत्रकार बाहेर, कॅमेरे बंद, दिवे मंद, दारं बंद. बहुमतातल्या पक्षाला याची आगाऊ कल्पना नव्हती. त्यांचे नेते बिल फ्रिस्ट बाहेर येऊन म्हणाले की सिनेटचं अपहरण झालं आहे. सर्वोच्च न्यायालयावर न्यायाधीश अलिटो यांच्या नियुक्तीवरून लक्ष उडवण्यासाठी हा तमाशा चालला आहे, असंही त्यांच्या बाजूने बोललं गेलं.

सुमारे दोन तासांनी दारं उघडली तेव्हा दोन्ही पक्षांच्या तीन-तीन सदस्यांचा एक सहा जणांचा गट नेमला गेला होता. दुसरा टप्पा कुठवर आला आहे ते १४ नोव्हेंबरपर्यंत सांगा, असं त्याला बजावलेलं होतं. हाती आलं ते एवढंच. पण वीस महिने ज्या कामाला तारीखच नव्हती, त्याला पहिल्यांदा एक तारीख मिळाली.

आता तुझा दुसरा प्रश्न. वॉशिंग्टनला दुपार होती, आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली होती आणि ती रात्र लक्ष्मीपूजनाची होती. लक्ष्मीपूजनाला आपल्या वृत्तपत्रांना सुट्टी असते, दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही. कार्यालयात शिपायाशिवाय कोणी नव्हतं. त्यानंतर अंक निघाला तेव्हा पानांवर दिल्ली होती : धनत्रयोदशीच्या सुमारास, २९ ऑक्टोबरला, सरोजिनीनगर आणि पहाडगंजच्या बाजारांत स्फोट झाले होते, साठहून अधिक माणसं गेली होती. त्या बातम्यांपुढे सिनेटचे बंद दरवाजे तळाच्या सिंगल कॉलममध्ये बसले. ते योग्यच होतं. पण मुली, एक लक्षात ठेव. चौकशा या अशाच सिंगल कॉलममधून पुढे सरकतात. पान लावणाऱ्याने तेवढ्या चार ओळी टिकवल्या नाहीत, तर पुढे अहवाल येतो तेव्हा वाचकाला तो कशाचा हेच कळत नाही. तू डेस्कवर बसशील तेव्हा एक वही ठेव. कोणत्या चौकशीला कोणती तारीख दिली आहे ते लिही, आणि ती तारीख उलटली की फोन कर.

प्रश्न : ताई, तुमचा सगळा रोख रिपब्लिकनांवर दिसतो. डेमोक्रॅटांनी काय कमी राजकारण केलं? युद्धाला मतं त्यांनीही दिली होती.
– न्यू जर्सीहून एक वाचक

दिली होती, आणि ते लिहायलाच हवं. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये ठराव ७७ विरुद्ध २३ असा मंजूर झाला. डेमोक्रॅट सदस्यांपैकी २९ बाजूने, २१ विरोधात. हॅरी रीड यांचं मत बाजूने, जे रॉकफेलर यांचं बाजूने, जॉन केरी आणि हिलरी क्लिंटन यांचंही. सद्दाम अण्वस्त्रांच्या मागे लागला आहे याचा निःसंशय पुरावा आहे, असं रॉकफेलर यांनीच त्या वेळी भाषणात सांगितलं होतं. काँग्रेस सदस्यांची विधानंही तपासा, असा आग्रह रिपब्लिकन धरत होते तो यामुळेच.

त्याहून मला खटकतं ते दुसरंच. एनआयईची संपूर्ण प्रत सुरक्षित खोलीत वाचायला ठेवलेली होती. तिथे जाऊन ती अख्खी वाचणारे सिनेटर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. क्लिंटन यांनी ती पुरती वाचली नव्हती, हे पुढे त्यांच्या प्रचारात उघड झालं. फ्लोरिडाचे बॉब ग्रॅहम यांनी वाचली आणि विरोधात मत दिलं. लाखभराहून जास्त सैन्य परमुलखात पाठवायचा निर्णय, आणि नव्वदेक पानं वाचायला सवड नाही!

नोव्हेंबर २००३ मध्ये डेमोक्रॅट बाजूच्या कर्मचाऱ्यांचं एक टिपण फुटलं. समितीतून जेवढं निघेल तेवढं काढून घ्या आणि मग योग्य वेळ साधून स्वतंत्र चौकशीची मागणी करा, असा त्याचा सूर होता. निवडणुकीवर डोळा होता हे उघड आहे. फ्रिस्ट यांनी तेवढ्यावर समितीचं या विषयातलं सहकार्य थांबवलं. त्या टिपणाने रिपब्लिकनांच्या हाती आयतं कोलीत दिलं, आणि चौकशीचं जे नुकसान झालं त्यातला वाटा टिपण लिहिणाऱ्यांचाही आहे.

तरीही मी दोन्ही पारडी सारखी धरणार नाही. एका पक्षाला अहवाल निवडणुकीआधी हवा होता, दुसऱ्याला निवडणुकीनंतर. हेतू दोघांचाही राजकीय असेल. पण पहिल्याचा स्वार्थ साधला असता तर मतदाराला माहिती मिळाली असती. दुसऱ्याचा साधला, आणि मतदाराला ती मिळाली नाही.

प्रश्न : एवढी वाट पाहून शेवटी निघालं काय? की ‘बैल गेला आणि झोपा केला’?
– एक वाचक, डोंबिवली

बैल गेला होता, हे खरं. अहवाल तुकड्यातुकड्यांत आले. दोन ८ सप्टेंबर २००६ ला. नोव्हेंबर २००६ मध्ये डेमोक्रॅटांनी दोन्ही सभागृहं जिंकली, रॉकफेलर अध्यक्ष झाले. मग एक २५ मे २००७ ला आणि शेवटचे दोन ५ जून २००८ ला. राज्यकर्त्यांच्या विधानांचा, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप होता तो, सर्वांत शेवटी. तोवर इराकमध्ये ४,००० हून अधिक अमेरिकी सैनिक मेले होते. इराकी माणसं किती, याचा तर हिशेबही सर्वमान्य नाही.

त्या शेवटच्या अहवालाने पाच मोठी भाषणं तपासली. जैविक, रासायनिक आणि अण्वस्त्रांबद्दलची बरीच विधानं तेव्हाच्या गुप्तवार्तेला धरून होती, फक्त यंत्रणांमधले मतभेद लोकांना सांगितले गेले नाहीत, असं तो म्हणतो. मात्र इराक आणि अल-कायदा यांची भागीदारी आहे, इराकने त्यांना प्रशिक्षण दिलं, या विधानांना गुप्तवार्तेचा आधार नव्हता. सद्दाम आपली शस्त्रं दहशतवाद्यांच्या हाती द्यायला तयार आहे, हे तर उपलब्ध माहितीच्या उलट होतं. समितीत तो १० विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. चक हेगल आणि ओलिंपिया स्नो या दोन रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती २००६ च्या अहवालातली एका कैद्याची हकिकत. इब्न अल-शेख अल-लिबी हा लिबियाचा माणूस, अफगाणिस्तानातल्या एका प्रशिक्षण तळाचा प्रमुख. २००१ च्या अखेरीस पकडला गेला. इराकने अल-कायदाला रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं शिक्षण दिलं, असं तो सांगू लागला. फेब्रुवारी २००२ मध्येच संरक्षण खात्याच्या गुप्तचर संस्थेने लिहून ठेवलं की हा नेमके तपशील देत नाही, बहुधा जाणूनबुजून दिशाभूल करतो आहे. त्याला इजिप्तच्या ताब्यात देण्यात आलं होतं. तिथे काय झालं ते त्याने नंतर अमेरिकी अधिकाऱ्यांना सांगितलं : साधारण ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या पेटीत त्याला सुमारे १७ तास कोंडलं, बाहेर काढून मारलं, आणि मग त्याने त्यांना हवं होतं ते रचून सांगितलं. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनसिनाटीच्या भाषणात बुश यांनी हाच दावा केला. ५ फेब्रुवारी २००३ ला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत त्याचं नाव न घेता तीच कथा जगाला ऐकवली. जानेवारी २००४ मध्ये त्याने जबाब फिरवला आणि त्यानंतर सीआयएने त्याच्या जबानीवर आधारलेली माहिती मागे घेतली.

आता तारखा जुळवा. शंका नोंदवली गेली फेब्रुवारी २००२ मध्ये. माहिती मागे घेतली गेली २००४ च्या सुरुवातीला, निवडणुकीच्या कितीतरी आधी. त्या २००२ च्या टिपणातला मजकूर जनतेला कळला नोव्हेंबर २००५ मध्ये, बंद बैठकीनंतर काही दिवसांतच, कारण सिनेटर कार्ल लेव्हिन यांनी तो मागे लागून खुला करून घेतला. पेटीची हकिकत छापली गेली सप्टेंबर २००६ मध्ये. यातलं काहीही नव्याने शोधून काढायचं नव्हतं. सगळं सरकारी कपाटात होतं. म्हणून ‘चौकशीला वेळ लागतोच’ हे उत्तर मला मान्य नाही. अल-लिबी २००९ मध्ये लिबियाच्या तुरुंगात मेला.

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याच्या लढाईवर’ गेले ते परत आलेच नाहीत, असं घरात सांगतात. त्या लढाईचीही चौकशी झाली होती म्हणे. तेव्हा काय झालं?
– एक शेतकरी, सातारा जिल्हा

दादा, तुमचं पत्र वाचून मी जुनी टिपणं काढून बसले. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याला जी फौज उतरली ती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेने फार पुढे नेलेली ही फौज टेसिफॉनहून मागे हटली, कुत-अल-अमारात वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती पडली. कैदेत त्यातली हजारो गेली. तुमचे पणजोबा कोणत्या पलटणीत होते ते कळलं, तर राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या यादीत त्यांचं नाव शोधता येईल. घरात जुनं पदक असेल तर त्याची कड पाहा. तिच्यावर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते.

चौकशी झाली, आणि ती कशी झाली हे आजही सांगण्यासारखं आहे. ब्रिटिश सरकारची टाळाटाळ झालीच. पण ऑगस्ट १९१६ मध्ये पार्लमेंटने कायदा करून आयोग नेमला आणि जून १९१७ मध्ये अहवाल छापून बाहेर आला. दहा-अकरा महिन्यांत, आणि महायुद्ध ऐन भरात असताना. त्यात मेजर कार्टर या भारतीय वैद्यकीय सेवेतल्या डॉक्टरची साक्ष आहे. टेसिफॉनच्या जखमींना उघड्या बोटींवर दाटीवाटीने घालून बसऱ्याला आणलं, दिवसच्या दिवस मलमपट्टी नाही, बोटीच्या कडेने विष्ठा लोंबत होती. हे वरिष्ठांना कळवल्यावर त्या डॉक्टरलाच धमकावण्यात आलं. ही साक्ष झाकली गेली नाही. जुलै १९१७ मध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. व्यक्तिशः त्यांच्यावर फार मोठा ठपका नव्हता. खातं माझं, असं म्हणून ते गेले.

त्याच देशाने त्याच इराकबद्दल शंभर वर्षांनी काय केलं पाहा. इराक युद्धातल्या ब्रिटनच्या सहभागाची चिलकॉट चौकशी जाहीर झाली १५ जून २००९ ला, म्हणजे युद्धाला सहा वर्षं होऊन गेल्यावर. अहवाल आला ६ जुलै २०१६ ला, २६ लाख शब्दांचा. युद्धाच्या वेळचे पंतप्रधान ब्लेअर आणि बुश यांचा पत्रव्यवहार किती खुला करायचा यावर वर्षं गेली, मग ज्यांच्यावर टीका होणार त्यांना आधी मजकूर दाखवण्यात वेळ गेला. ‘काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत असेन’ असं ब्लेअर यांनी बुश यांना जुलै २००२ मध्येच लिहिलं होतं, हे त्यातून अधिकृतपणे पुढे आलं. पण राजीनामा द्यायला पदावर उरलं होतं कोण?

प्रश्न : आपल्या संसदेत अशी चौकशी होऊ शकते का?
– एक वाचक, पणजी

आजच्या व्यवस्थेत नाही. रॉ आणि आयबी यांच्यावर देखरेख करणारी संसदीय समितीच आपल्याकडे नाही. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालची समिती झाली. तिने काम झटपट केलं, फेब्रुवारी २००० मध्ये अहवाल संसदेपुढे आला, पण ती सरकारने नेमलेली होती, संसदेची नव्हे. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ चा. सरकारने तो अजून प्रसिद्ध केलेला नाही. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी गुप्तचर संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणणारं खासगी विधेयक लोकसभेत आणलं. ते पुढे सरकलं नाही.

इराकपुरतं बोलायचं तर अमेरिकेने आपल्याकडेही एक डिव्हिजनभर सैन्य मागितलं होतं. १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारने, संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय पाठवणार नाही, असं सांगितलं. विरोध संसदेतही होता, रस्त्यावरही. पुन्हा बसऱ्याला जाणाऱ्या गाड्या आपल्या स्टेशनांवरून सुटल्या नाहीत, याचं मोठं श्रेय त्या निर्णयाला आहे.

प्रश्न : हे अहवाल सामान्य माणसाला वाचता येतील का? सुरुवात कुठून करू?
– एक ग्रंथपाल, अकोला

येतील. सिनेटच्या गुप्तवार्ता समितीच्या संकेतस्थळावर ते फुकट आहेत. इंग्रजी सरकारी आहे पण अवघड नाही. पहिल्यापासून वाचायला बसू नका, दमून जाल. जून २००८ च्या, राज्यकर्त्यांच्या विधानांवरच्या अहवालातले प्रत्येक प्रकरणाच्या शेवटचे निष्कर्ष आधी वाचा, मग थेट शेवटी जाऊन सदस्यांनी जोडलेली स्वतंत्र मतं वाचा. अहवाल एकतर्फी आहे अशी तक्रार करणारे रिपब्लिकन तिथे सापडतील, आणि उशिरावर बोलणारे डेमोक्रॅटही. मग २००६ च्या अहवालातला अल-लिबीचा भाग. मधे काळ्या पट्ट्या लागतील. त्या कोणत्या विषयावर दाट होतात ते पाहत चला. वाचनालयात वाचकांसाठी छापून ठेवणार असाल तर मला कळवा, अल-लिबीच्या पानांचं मराठी टिपण मी करून पाठवते.